निकुंभ काकूंची तक्रार

दार उघडलं तर बाहेर तिघं उभे होते. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी खैरनार काका, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्यामागे देवरे सर. सगळ्यांत मागे खजिनदार पगारे वहिनी, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"शिरुडे मॅडम," खैरनार काका म्हणाले, "आम्ही तुमचा आवाज ऐकायला आलोय."

मला वाटलं, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी कोणी गाणारं शोधत असतील. मी म्हटलं, "काका, मला गाता येत नाही."

"तसंच काहीसं कानावर आलंय," काका म्हणाले. "तक्रार आहे तुमच्याविरुद्ध."

ही गोष्ट नाशिकची, मी सत्तावीस वर्षांची असतानाची. पुण्यातली कॉम्प्युटरची बरी नोकरी सोडून मी इंदिरानगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, कारण मला एक अल्बम करायचा होता. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, धुळ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान. अल्बम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नाचे फोटो यायचे, आणि फोटो नसले तरी चालतील, निदान लग्न असावं, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. मार्चअखेरपर्यंत अल्बम झाला नाही तर मी धुळ्याला परत यायचं आणि त्यांच्या मित्राच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा, असं आमचं ठरलं होतं. आता डिसेंबर होता. संगीताच्या सहा तुकड्यांपैकी पाच झाले होते. सहावा मध्येच एका जागी येऊन थांबला होता आणि पावसाळा संपल्यापासून तिथून हलायला तयार नव्हता.

शिवाय पुण्यात राहणाऱ्या घरमालकांनी किल्ली देतानाच सांगितलं होतं की सोसायटीचा एक जरी फोन आला तरी खोल्या रिकाम्या करायच्या.

"कोणाची तक्रार आहे?" मी विचारलं.

काकांनी नुसती मान शेजारच्या दाराकडे केली. तेवढं पुरेसं होतं.

निकुंभ काकू शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलगा मस्कतला, घरात त्या एकट्या. आवाज हा त्यांचा खास विषय. रात्रीच्या वॉचमनची शिट्टी कर्कश आहे, चौथ्या मजल्यावरचे लोक कुकरच्या सातव्या शिट्टीपर्यंत गॅस बंद करत नाहीत, जिन्यात मुलं चपला फटफट वाजवतात, तळमजल्यावरच्या वकिलांना शिंकताना तोंडावर रुमाल धरायची सवय नाही. खैरनार काका रोज सकाळी दूध घेऊन वर यायचे तेव्हा काकू दारात उभ्या असायच्या, आणि काकांनी त्यामुळे दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची कला या वयात आत्मसात केली होती.

"एकतर्फी निर्णय घेतला असं कोणी म्हणायला नको," काका म्हणाले. "म्हणून समितीने प्रत्यक्ष ऐकायचं ठरवलंय. तुम्ही रोज जे लावता ते, रोज जेवढं मोठं लावता तेवढंच, लावा."

मी चहा टाकला. तिघं माझ्या सतरंजीवर बसले. माझ्याकडे खुर्ची एकच होती आणि ती टेबलापाशी. शेजारच्या भिंतीला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि दोन काळे स्पीकर. खैरनार काकांनी स्पीकरकडे बघितलं ते पोलीस मुद्देमालाकडे बघतात तसं. वहिनींनी ताट मांडीवर घेऊन मेथी निवडायला घेतली. देवरे सर भजनी मंडळात तबला वाजवायचे, त्यामुळे समितीने त्यांना तज्ज्ञ म्हणून आणलं होतं. त्यांनी मांडीवर हात ठेवून बोटं तयार ठेवली.

मी पहिला तुकडा सुरू केला.

थोडा वेळ गेला. काकांनी चहा संपवला. "सुरू करा," ते म्हणाले.

"सुरू आहे, काका."

तिघांनी स्पीकरकडे बघितलं. काका गुडघ्यांवर पुढे सरकून एका स्पीकरला कान लावून आले. "हा घूं आवाज आहे, तो?"

"हो."

"मला वाटलं तुमचा फ्रीज."

"माझ्याकडे फ्रीज नाही."

देवरे सरांची बोटं मांडीवर हळूहळू हलत होती. एक, दोन, मग थांबायची, पुन्हा एक. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "बेटा, याची सम कुठे आहे?"

"यात सम नसते, सर."

"ताल?"

"तालही नाही."

"मग यात असतं काय?"

माझ्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर असायचं, त्यात अवकाश, पोत असे शब्द असायचे. मेथीच्या काड्या समोर पडत असताना ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "वातावरण असतं."

"हवामान," पगारे वहिनींनी समजून घेतलं आणि पुढची काडी मोडली.

दुसरा तुकडा सुरू झाला. तो मी आमच्या इमारतीच्या लिफ्टवर केला होता. दार बंद होतानाचा लोखंडी आवाज इतका संथ केला होता की एखादं मोठं जहाज धक्क्यापासून सुटत असावं असं वाटायचं. निदान मला वाटायचं. खैरनार काकांना जहाज वगैरे काही दिसलं नाही. ते ताठ झाले.

"ही आपली लिफ्ट आहे."

"हो, काका. तुम्ही ओळखलीत." मला खरंच बरं वाटलं.

"ओळखणार नाही? देखभालीचा करार मी केलाय. पण ही कोणाला विचारून वाजवलीत?"

"लिफ्टला विचारायचं?" देवरे सर म्हणाले.

"सोसायटीची मालमत्ता आहे, सर. उद्या कोणी येऊन गच्चीवर शूटिंग करेल, ते चालेल का?"

हा वाद तिसऱ्या तुकड्यापर्यंत टिकला असता, पण तिसऱ्या तुकड्यात पाणी होतं. गच्चीवरची टाकी भरून वाहत असताना मी माईक धरला होता. थेंब, मग धार, मग धारेखाली कुठेतरी खोल एक सूर. मी त्या सुरावर पंधरवडाभर मेहनत घेतली होती.

वहिनींचे हात थांबले. "ही आपली टाकी आहे का?"

"हो, वहिनी."

"कधीची?"

"गणपतीतली असेल."

"बघा," त्या काकांकडे वळल्या. "मी मीटिंगमध्ये सांगत होते, मोटार वेळेवर बंद होत नाही. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्हाला भास होतो. ऐका आता भास. किती वेळ वाहतेय ही, सुखदा?"

"पूर्ण तुकडाभर," मी म्हटलं.

"पूर्ण तुकडाभर," वहिनी म्हणाल्या. "मोठं कर जरा."

माझ्या संगीताचा आवाज मोठा करायला सांगणारी ती आयुष्यातली पहिली श्रोती. मी केला. मग तिघं पाण्यावर भांडले. कोणत्या विंगचा कोण मोटार चालू ठेवून झोपतो, टँकरला किती गेले, बिल कोणी मंजूर केलं, यातलं सगळं माझ्या त्या खोल सुराच्या बरोब्बर वर बसत होतं. मला त्या सुराची काळजी वाटत होती, आणि त्याहून जास्त घरमालकांच्या फोनची.

चौथा तुकडा सुरू झाला तेव्हाही ते बोलतच होते. हा वॉचमनच्या शिट्टीचा होता. शिट्टी मी ताणत ताणत इतकी लांब केली होती की तिचा कर्कशपणा गळून गेला होता आणि राहिली होती नुसती एक हाक, शेताच्या पलीकडच्या बांधावरून कोणी कोणाला घरी बोलावतंय अशी. कोणी बोलणं बंद करा असं म्हटलं नाही. काकांचं वाक्य अर्धवट राहिलं, देवरे सर त्याला उत्तर द्यायचं विसरले. वहिनींच्या हातात मेथीची एक काडी तशीच राहिली. काकांचा फोन वाजला, तो त्यांनी न बघताच बंद केला.

तोपर्यंत माझं हे संगीत माणसांनी बसून ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. इंटरनेटवर दोन तुकडे टाकले होते, त्यावर एकाने 'छान' लिहिलं होतं आणि एकाने कर्जाची जाहिरात केली होती. मी मागे दारापाशी उभी राहून तीन माणसांच्या पाठी बघत होते. पाठींवरून फार काही कळत नाही, पण त्या हलत नव्हत्या.

तुकडा संपला. देवरे सर घसा साफ करून म्हणाले, "आमच्या गावी असं व्हायचं. संध्याकाळी."

"काय व्हायचं?" काकांनी विचारलं.

"असंच."

खैरनार काकांना आपण समितीचे सदस्य असल्याची आठवण झाली. ते उठले आणि पँट झटकली. "हे इथे ऐकून काही उपयोग नाही," ते म्हणाले. "त्रास तिकडे होतोय. तक्रारदाराच्या घरातून ऐकलं पाहिजे. तुम्ही पहिल्यापासून लावा आणि चला आमच्याबरोबर."

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं, दार ओढून घेतलं आणि आरोपीच्या चालीने त्यांच्यामागे गेले.

काकूंनी दार उघडलं. बारीक अंगाच्या, नऊवारी नाही की गाऊन नाही, नीट पिना लावलेली सुती साडी, जशा काही पहिल्या तासाला निघाल्या आहेत. "आलात? या. चपला बाहेर. सुरू झालंय," त्या म्हणाल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या खोलीत टीव्ही होता, त्यावर कापड घातलेलं. दिवाण होता, कपाट होतं. आणि एक वेताची खुर्ची होती, माझ्या बाजूच्या भिंतीपाशी, भिंतीकडे तोंड करून. तिच्यावर उशी, शेजारी स्टूल, स्टुलावर चहाचा कप. भिंतीवर काही नव्हतं. ना फोटो, ना कॅलेंडर. पांढरी भिंत.

खैरनार काकांचा समज झाला की खुर्ची समितीसाठी मांडली आहे. ते जाऊन बसले.

"उठा," काकू म्हणाल्या. "ती माझी आहे."

काका उठले. काकू बसल्या. आम्ही चौघं त्यांच्या मागे दाटीवाटीने उभे राहिलो, एखाद्या ग्रुप फोटोसारखे, फक्त सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

आणि मी माझा अल्बम पहिल्यांदा पलीकडून ऐकला.

तो वेगळा होता. भिंतीने त्याच्या सगळ्या कडा घासून काढल्या होत्या. मी बारकाईने बसवलेले चमकदार आवाज इकडे आलेच नव्हते. आली होती ती त्यांची ऊब. कोणीतरी दुसऱ्या खोलीत आहे आणि आपल्याला ते ठाऊक आहे, एवढंच त्यात उरलं होतं. मी इतके महिने जे करू बघत होते ते शेजारी तयारच होतं.

"आता लिफ्ट येईल," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. लिफ्ट आली.

"ही दुसऱ्यांदा जरा उशिरा येते. आता." आली.

"इथून पाणी."

पगारे वहिनी खैरनार काकांच्या कानात म्हणाल्या, "यांना सगळं पाठ आहे."

"रोज ऐकावं लागलं तर काय होणार?" काका हळू आवाजात म्हणाले. मग मोठ्याने, सांत्वनाच्या सुरात, "काकू, तुम्हाला किती त्रास होत असेल याची समितीला पूर्ण कल्पना आलीये."

"शू," काकू म्हणाल्या.

शिट्टी झाली. पाचवा तुकडा झाला. सहावा सुरू झाला. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. तो हळूहळू चढत गेला, एकेक सूर आत येत गेला, खोली भरत गेली, भरली, आणि तुटला. तिथे फाईलच संपत होती.

पलीकडे शांतता. इकडे शांतता.

"हे," काकू खुर्चीतूनच वळल्या आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे बघा. इथेच. रोज इथेच बंद करते ही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ही इथून पुढे जात नाही. संध्याकाळभर माझा जीव टांगणीला. तीच माझी तक्रार आहे."

खैरनार काकांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं.

"पण काकू," ते म्हणाले, "तुम्ही मला म्हणालात, त्या पोरीच्या आवाजाचं काहीतरी करा."

"मी म्हणाले, त्या पोरीच्या आवाजाचं काहीतरी करा, रोज अर्ध्यात बंद करते. तुम्ही 'करा'पर्यंत ऐकलंत आणि जिना चढायला लागलात. पूर्ण वाक्य ऐकायची सवय तुम्हाला नाही, खैरनार. वॉचमनचंही तेच. मी शिट्टी बदला म्हणाले होते, तुम्ही वॉचमन बदललात."

पगारे वहिनी एकदम खाली बघून मेथी शोधू लागल्या. मेथी माझ्या घरी राहिली होती.

"म्हणजे आवाज बंद करायचा नाही," काकांनी खात्री करून घेतली.

"बंद केलात तर तक्रार करीन."

"मग समितीने करायचं काय?"

"हिला पुरं करायला सांगायचं," देवरे सर म्हणाले. एव्हाना त्यांनाही पुढे काय होतं ते हवं होतं.

खैरनार काका माझ्याकडे वळले. जरब आणावी की आणू नये हे त्यांचं ठरत नव्हतं. "शिरुडे मॅडम, तुमच्याकडून हे अपूर्ण काम राहिलेलं आहे. सोसायटीत अपूर्ण काम चालत नाही. जानेवारीअखेर पुरं करा." आणि दारात चप्पल घालता घालता, "लिफ्टचं आपण नंतर बघू."

रात्री अप्पांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं की माझ्याविरुद्ध तक्रार झाली होती.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "आवाजाची?"

"आवाज बंद होतो याची."

"नाशिकची माणसं अशी नव्हती," ते म्हणाले.

त्यानंतरचा महिना मी आयुष्यात केलं नसेल इतकं काम केलं, आणि त्यातलं सगळं फुकट गेलं. पूर्वी माझ्या चुका फक्त मला ठाऊक असायच्या. आता मी जे काही करून बघायची त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी जिन्यात लागायचा.

"काल घंटा घातलीस," काकू भाजीची पिशवी सावरत म्हणायच्या. "काढ. देवळात बसल्यासारखं वाटतं, हात जोडावे लागतात."

मी घंटा काढली. लाटा घातल्या.

"समुद्र कुठून आला? नाशिकला?"

मी सगळे सूर एकदम मोठे करून एक भव्य शेवट केला.

"काल रडवायला बघत होतीस का मला?"

"थोडंसं," मी कबूल केलं.

"मी सहा वर्षांपूर्वी एकदा नीट रडले, आमचे हे गेले तेव्हा. पुन्हा तुझ्यासाठी नाही रडणार."

शेवटी मी वैतागून त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा. पुढे काय व्हायला हवं?"

"ते मला काय विचारतेस? मी काय वाजवणारी आहे?" त्या खुर्चीवरची उशी थापटत म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "त्या टीव्हीत सगळे माझ्याशीच बोलतात. साबण घ्या, मत द्या, कोण मेलं बघा. तुझं हे कोणाशी बोलत नाही. मी बसले असले काय, नसले काय, ते आपलं चालू असतं. म्हणून मी बसते. पण इतका वेळ बसवून ठेवलंस, तर उठायचं कधी तेवढं सांग ना. ते सांगत नाहीस तू."

मला ते कळलं, पण करायचं कसं ते कळलं नाही. मी त्यांना माझ्या घरी बोलावलं, एकुलत्या खुर्चीवर स्पीकरसमोर बसवलं आणि म्हटलं, एकदा खरं कसं आहे ते ऐका. पहिला तुकडा संपायच्या आत त्या उठून उभ्या राहिल्या.

"हे काय, एवढं स्पष्ट? चष्मा लावून आरशात बघितल्यासारखं. भिंतीतूनच बरं आहे."

त्या भिंतीचं म्हणत होत्या ते खरं होतं, मी स्वतः ऐकलं होतं. तेव्हा मला सुचलं. मी माईक आणि रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेले, खुर्चीच्या मागे स्टँड लावला आणि पाय अडकू नये म्हणून माईकच्या तारेवर चादर घातली.

"मी काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"रोज करता तेच."

"बोलायचं नाही?"

"बोललात तरी चालेल."

"मी कशाला बोलू?" त्या बसल्या, पदर नीट केला, भिंतीकडे तोंड केलं. मी रेकॉर्डर सुरू केला, माझ्या घरी येऊन सगळे तुकडे पहिल्यापासून लावले आणि जमिनीवर बसून राहिले. सहावा तुकडा नेहमीसारखा चढला आणि नेहमीसारखा तुटला. रेकॉर्डर बंद करायला मी लगेच पलीकडे जायला हवं होतं, पण नाही गेले. मला वाटलं, त्यांना उठायला वेळ लागतो, थोडं थांबू.

रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी दुपारी हेडफोन लावून ऐकलं. पाचही तुकडे होते तसेच, उबदार, दूरचे, आणि त्यांच्या तळाशी एका माणसाचा संथ श्वास. सहावा आला, चढला, तुटला. मी बंद करायला हात पुढे केला.

पण रेकॉर्डर पलीकडे चालूच राहिला होता. शांतता होती, आणि ती रिकामी नव्हती. काकू बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने वेत कुरकुरला. "हं," काकू म्हणाल्या, कोणालाच नाही. मग पावलं आत गेली. नळ सुटला, पाणी भांड्यात पडलं, नळ बंद झाला. लायटरची खटखट, गॅसचा भप्प. लांब कुठेतरी आमची लिफ्ट कोणाला तरी घेऊन खाली चालली होती. काकू चहा करत होत्या.

मी अल्बम म्हणून तेच रेकॉर्डिंग ठेवलं, त्यात काही घातलं नाही आणि काही काढलंही नाही. पाण्याला उकळी येण्याचा आवाज जिथे सुरू होतो तिथे तुकडा संपवला.

पुढे त्या अल्बमचं काय झालं, तर तो कुठे गाजला नाही. पण ज्यांनी ऐकला त्यांनी पुन्हा ऐकला. फिनलंडमधल्या एका माणसाने मला विचारलं की हा दूरपणा तू कोणत्या यंत्राने आणलास. मी त्याला कळवलं, अर्ध्या विटेची भिंत, आतून चुना. त्यातून मला एका माहितीपटाचं काम मिळालं, त्यातून दुसरं. धुळ्याच्या शाळेने दुसरी मुलगी नेमली. अप्पांनी अल्बम दुकानात लावला, आणि गिऱ्हाईक आवाज खाली करून बोलतं, भाव करत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. आज मी सिनेमांसाठी आवाज करते आणि चांगल्या सोसायटीत राहते. तिथल्या भिंती जाड आहेत.

पण अल्बमचं काम झालं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकायला मी काकूंना बोलावलं. त्यांचंच घर त्यात होतं, त्यांना विचारल्याशिवाय मी ते कोणाला देणार नव्हते. या वेळी त्या स्पीकरसमोर बसून राहिल्या, कारण भिंत आता आतच होती. पाय खुर्चीखाली जोडून, हात मांडीवर, पूर्ण ऐकलं. सहावा तुकडा तुटला तेव्हा त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी म्हटलं, थांबा.

वेत कुरकुरला. नळ सुटला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही."

त्या ऐकत राहिल्या. लायटर वाजला, गॅस पेटला, लिफ्ट गेली. संपलं.

"लायटर बदलायला आलाय," त्या म्हणाल्या. मग, "म्हणजे मी उठले की ते संपतं."

"हो. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल. बरोबर आहे ते." त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खाली मुलं खेळायला उतरली होती. "आणि मी नाही उठले तर?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी तसं सांगितलं.

काकूंनी पदर नीट केला, हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि त्या बसून राहिल्या.